मायचा उपास आणि भूल देणाऱ्या मॅडम

भोकरदनपासून थोड्या अंतरावर आमचं गाव आहे. गावात कोणाला लकवा मारला की चार माणसं चार औषधवाल्यांचे पत्ते सांगतात. कोणी पाला चोळणारा, कोणी कबुतराचं रक्त लावणारा, कोणी फक्त गुरुवारीच बसणारा. माझ्या मायला लकवा मारला तेव्हा मामा तिच्यासमोर बसलेला होता, हे आमचं नशीब. त्याने कोणाचाच पत्ता विचारला नाही. सरळ मला फोन केला.

"मास्तर, जल्दी ये. आक्काच्या हातातून तांब्या पडला. उचल म्हनलं तर नुसती बघू राह्यली. तोंड वाकडं झालंय."

मामा मला मास्तर म्हणतो, कारण मी शेजारच्या गावातल्या शाळेत शिकवतो. आमच्या दोन्हीकडच्या घरांत पदवी घेतलेला मी पहिला. आजोबा मेंढरं राखायचे, मामा अजूनही थोडी राखतो. बाप लवकर गेला. मायने शेळ्या सांभाळून आणि लोकांच्या रानात खुरपून मला भोकरदनच्या कॉलेजात शिकवलं. 'मास्तर' या शब्दात मामाचं कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला आजवर नीटसं कळलेलं नाही.

घरी पोचायला मला दहा मिनिटं लागली. माय ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात मांडीवर परक्यासारखा पडलेला. ती माझ्याकडे बघत होती आणि बोलत नव्हती. माझी माय गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती. बांधावर उभी राहून ती तिसऱ्या रानातल्या माणसाला त्याची पेरणी कुठे वाकडी गेली ते सांगते, आणि तो माणूस मुकाट्याने वळून बघतो. तिला लिहिता-वाचता येत नाही. कोणाची सोयरीक कुठे झाली, कोणती शेळी कोणाच्या पोटची, पहिलीतल्या बाईंनी माझ्याबद्दल काय म्हटलं होतं, हे सगळं तिच्या जिभेवरच साठवलेलं असतं. ती जगेल का, ही भीती होतीच. पण ती जगली आणि अशीच गप्प राहिली तर, ही भीती त्या भीतीच्याही आधी माझ्या छातीत येऊन बसली होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

आमच्या शाळेत एकदा आरोग्य खात्याची माणसं येऊन सांगून गेली होती. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बंद, असं दिसलं की घड्याळ बघा आणि गाडी काढा. मी मामाला वेळ विचारली. मामा घड्याळ वापरत नाही.

"जाफराबादची गाडी फाट्यावर हॉर्न मारून गेल्ती, तवा."

ती गाडी पावणेअकराला जाते. गल्लीतल्या एकाने त्याची जीप काढली. मागच्या सीटवर माय आडवी, तिचं डोकं माझ्या मांडीवर, पायांशी मामा. जालन्यापर्यंत रस्त्यात तिला दोनदा उमासे आले. मला वाटलं, गाडी लागली असेल.

जालन्याच्या त्या दवाखान्यात मेंदूच्या नळ्यांमधली गुठळी काढायची सोय आहे, हे निघताना भोकरदनच्या ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा साडेबारा व्हायचे होते. मायला लगेच आत नेऊन मेंदूचे फोटो काढले. थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर बाहेर आले आणि पडद्यावरचा फोटो दाखवून म्हणाले, "डाव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे. इंजेक्शन सुरू केलंय, पण एवढी मोठी गुठळी नुसत्या इंजेक्शनने विरघळेल याचा भरवसा नाही. मांडीतल्या नसेतून बारीक नळी वर न्यायची आणि गुठळी ओढून काढायची."

मामा म्हणाला, "दुखणं टाळक्यात, आन् तुम्ही शिरणार मांडीतून? लईच लांबचा वळसा झाला की."

"वळसा आहे, पण डोकं उघडावं लागत नाही," डॉक्टर म्हणाले.

"मंग चालतंय. ठिबकच्या नळीत घाण अडकली तर आमी बी कडंनंच फुंकतो. रान खांदत न्हाई."

डॉक्टर घाईत होते तरी हसले. जाताना म्हणाले की काम फार लांबणार नाही, थोडी गुंगी देऊ म्हणजे मावशी शांत पडून राहतील.

मामा जीपवाल्याकडे गेला आणि माझ्या हातात कागद आले. इथे माझी चूक झाली. आजही कधी कधी वर्गात शिकवताना ती आठवते आणि खडू हातातच राहतो.

कागदावर छापलं होतं: 'रुग्ण उपाशी आहे काय?' पुढे होय आणि नाही, दोन चौकोन. मी क्षणभरही न थांबता 'होय'वर खूण केली. सोमवार होता. मायचा सोमवार असतो, मी पहिलीत जायच्या आधीपासून असतो. सकाळी सातला मी घरातून निघालो तेव्हा तिने फक्त चहा घेतला होता. उपास म्हणजे उपाशी, असं माझ्या डोक्यात सरळ जुळलं आणि मी सुवाच्य अक्षरात सही केली. उपासाला आमच्या घरात काय काय शिजतं हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? मी ते खातच मोठा झालो. पण छापील कागद समोर आला की माझ्यातला शिकलेला माणूस पुढे होतो आणि घरातला मागे राहतो. मायची भाषा सोडून कागदाची भाषा बोलायला मी फार मेहनतीने शिकलो होतो.

पाच मिनिटांनी भूल देणाऱ्या मॅडम आल्या. अंगाने लहानखुऱ्या, वय माझ्याएवढंच. हिरवे कपडे, डोक्यावर कापडी टोपी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवलेलं. त्यांनी आधी मायला पाहिलं. ती चाकांच्या खाटेवर होती आणि डाव्या हाताने सारखी चादर ओढत होती. मग त्या कागद वाचू लागल्या. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"सकाळपासून उपाशी आहेत?"

"हो मॅडम. सोमवारचा उपवास असतो तिचा."

त्यांनी कागदावरून नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं.

"सोमवारचा उपास. बरं. मग उपासाचं काय खाल्लं?"

तेवढ्यात मामा परत आला होता. त्याला प्रश्न ऐकू गेला आणि त्यानेच उत्तर दिलं.

"भगर खाल्ली की. भगर न् शेंगदाण्याची आमटी. मी बी तिच्यासंगंच बसलो. वरून रताळं, शिजवल्यालं. आन् दूध."

"किती?"

"आमच्यात मोजून न्हाई खात मॅडम. पोटभर."

"आणि कधी?"

"हात धुवायला तांब्या घेतला आन् तोच पडला बगा हातातून."

माझे कान तापले. म्हणजे ज्या क्षणी लकवा मारला त्या क्षणी तिचं पोट काठोकाठ भरलेलं होतं, आणि मी कागदावर उपाशी लिहून दिलं होतं. रस्त्यात आलेले ते उमासे मला आत्ता कळले. मी तेही त्यांना सांगितलं.

मॅडम माझ्यावर रागावल्या नाहीत. 'होय' खोडून त्यांनी वर मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "माझी आई चतुर्थीला उपाशी असते ना, त्या दिवशी आमच्या घरात अर्धी परात शाबुदाणा संपतो. म्हणून मी 'उपाशी का' असं विचारतच न्हाई. काय खाल्लं तेच विचारते."

मग त्यांनी आम्हाला दोघांना जवळ बोलावून जे सांगितलं, ते मी शब्दशः लिहू शकणार नाही, पण अर्थ पक्का लक्षात आहे. नुसती जागा बधिर करून माणसाला जागं ठेवूनही हे काम होतं. अर्धवट गुंगीत होतं. पूर्ण भूल देऊन, घशात नळी घालूनही होतं. जागं ठेवलं तर वेळ वाचतो, रक्तदाबही टिकतो, पण माणूस हलता कामा नये, कारण आत मेंदूच्या नसेत तार असते. पूर्ण भुलीत माणूस हलत नाही, पण झोपवताना रक्तदाब पडला तर ज्या मेंदूला आधीच रक्त कमी आहे त्याचे आणखी हाल.

"आणि अर्धवट गुंगी?" मी विचारलं. डॉक्टरांनी तीच सांगितली होती.

"रिकाम्या पोटी दिली असती. या पोटाला न्हाई. गुंगीत माणसाला उलटी झाली तर ती थोपवायची शुद्ध त्याला नसते. पोटातलं वर येतं आणि फुप्फुसात उतरतं. मावशींना एकतर पूर्ण जागं ठेवायचं, न्हाईतर पूर्ण झोपवायचं. मधलं काही न्हाई."

त्या मायच्या डाव्या बाजूला गेल्या आणि खाली वाकल्या. त्यांचे डोळे मायच्या डोळ्यांसमोर आले. "मावशी, हलायचं न्हाई. बिलकुल हलायचं न्हाई. माझ्याकडं बघा." स्वतः न हलता त्या तशाच थांबल्या. माझ्या हिशोबाने अर्धं मिनिट, त्या घाईतलं अर्धं मिनिट. मायने त्यांच्याकडे पाहिलं, मग मान फिरवली, हात झटकला, पाय घासला. त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी हातवारे करून. माय उठून बसायला लागली. शब्द तिच्यापर्यंत पोचतच नव्हते.

मॅडम सरळ झाल्या. "पूर्ण भूल."

मामा मध्ये पडला. "न्हाई मॅडम. जागीच ठिवा. मी धरतो तिला, मी लई मेंढरं धरल्यात. आमच्या वाडीतला एक गडी असाच भुलीत गेला, तो उठलाच न्हाई."

"कशाचं ऑपरेशन होतं?"

"पाय मोडल्ता. लग्नाहून येताना टेंपो उलटला."

"लग्नात जेवला होता का तो?"

मामा हळूच म्हणाला, "पंगत उठवूनच निघाल्ते समदे."

"तो कशानं गेला ते मी सांगू शकत न्हाई मामा, मी तिथं नव्हते. पण भरल्या पोटाची भूल वेगळी द्यावी लागते. आणि ती कशी द्यायची ते मला येतं. धोका आहे, न्हाई असं म्हणणार न्हाई. बाकीच्या दोन्हीपेक्षा कमी आहे, म्हणून मी हा घेतेय."

असं सरळ बोलणारा माणूस समोर असला की मामासारखा हट्टी गडीही नमतो. तो माझ्याकडे वळला. "कर सही. आन् या बारीला वाचून कर मास्तर."

मी वाचून केली.

आत काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी मॅडमनीच सांगितलं, मी फार आग्रह केला म्हणून. मायचं डोकं उंच ठेवलं, तोंडाशी उलटी ओढून घ्यायची नळी सुरू करून ठेवली. आधी भरपूर प्राणवायू दिला. मदतनीस सिस्टरने गळ्यावर बोटांनी दाब धरला, औषध झटपट गेलं आणि एका दमात श्वासाची नळी घातली, म्हणजे पोटातून काही वर आलंच तरी फुप्फुसात जायला वाट उरली नाही. पुढचा सगळा वेळ त्या रक्तदाबाच्या आकड्याशी बांधलेल्या होत्या. आकडा खाली यायला लागला की थेंबाथेंबाने औषध वाढवायचं, वर गेला की कमी करायचं. "झोपवणं अवघड न्हाई हो," त्या म्हणाल्या, "झोपेत राखणं अवघड." पोटात वेगळी नळी घालून त्यांनी भगरही काढली होती. ती बरीच निघाली, एवढंच म्हणाल्या. किती, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. मामाने तंबाखूची पुडी काढली, भिंतीवरची पाटी बघितली आणि परत ठेवली. तासाभराच्या आत तरुण डॉक्टर बाहेर आले. गुठळी निघाली होती. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. मोड आलेल्या मुगाएवढी, काळपट लाल. मामा ती बघतच राहिला. "एवढीशी? हिनं आमच्या आक्काला गप केलं?"

त्याने डॉक्टरांचे पाय धरले, मीही वाकलो. त्यांच्या हाताची कला मोठीच आहे, त्यात वाद नाही. पण ते निघून गेले तरी आतलं काम संपलं नव्हतं. दार उघडझाप व्हायचं तेव्हा फटीतून दिसायचं, त्या मॅडम अजून मायच्या उशाशीच उभ्या होत्या. एक हात तिच्या हनुवटीखाली, नजर यंत्रावर. दार उघडलं की आवाज यायचा. "मावशी. ओ मावशी. डोळे उघडा." पुन्हा बंद. पुन्हा उघडलं की तीच हाक, तेवढ्याच शांतपणे. सातवीच्या वर्गात मी एकच गोष्ट चौथ्यांदा सांगायची वेळ आली की माझा आवाज चढतो. त्यांचा चढला नाही. पोट भरलेलं होतं म्हणून माय पूर्ण शुद्धीवर येऊन, मान उचलून, जोरात खोकेपर्यंत घशातली नळी काढायची नव्हती, हे मला नंतर कळलं. काम झालं म्हणून घाई करायची नाही, हे मी त्या फटीतून शिकलो.

शेवटी त्या बाहेर आल्या. टोपीखालचे केस घामाने कपाळाला चिकटलेले. म्हणाल्या, "उजव्या हातानं माझं बोट दाबलं. थोडंच, पण दाबलं. बोलणं आज विचारू नका."

बोलणं पुढचे तीन दिवस नव्हतंच. चौथ्या दिवशी आलं ते सगळं उलटंपालटं. पाण्याला ती कढई म्हणायची, सिस्टरला शेळीच्या नावाने हाक मारायची, मला एकदा 'बाबा' म्हणाली, एकदा 'चूल'. स्वतःलाच राग यायचा आणि डाव्या हाताने कपाळ बडवायची. मामा बाहेर जाऊन डोळे पुसून यायचा आणि आत येऊन म्हणायचा, "आक्का, आज मी चूल हाय का कढई, तेवढं सांग म्हंजे तसा बसतो." ती हसायची. अर्ध्या तोंडाने, पण हसायची.

मॅडम रोज एक चक्कर टाकून जायच्या, बहुतेक वेळा माय झोपेत असताना. त्यांच्याकडचे रुग्ण त्यांना झोपेतच भेटतात. एका चकरेत त्या मला म्हणाल्या, "सर, तुम्ही मराठी शिकवता ना? मग तो प्रश्न नीट लिहून द्या मला. आपल्या माणसांना कळेल असा." मी घरी जाऊन दोन दिवस त्या एका वाक्यावर बसलो. शाळेतल्या निबंधांवर मी इतका वेळ कधी बसलो नव्हतो. शेवटी लिहिलं: 'तोंडात शेवटचं काय गेलं आणि किती वाजता? उपासाचं, चहा, दूध, पाणी, गोळी, सगळं सांगा.' त्यांनी वाचलं, 'पान-तंबाखू' एवढं वाढवलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

दीड महिन्यानंतर आम्ही तिघं तपासणीला आलो तेव्हा माय काठी धरून चालत होती. शब्द एकेक करून परतत होते, पण सुटे सुटे. पाणी. भाकर. बस. जा. वाक्य जुळत नव्हतं. बोलणं शिकवणाऱ्या ताई सांगायच्या, बोलवत राहा, घाई करू नका. घरी मी रोज संध्याकाळी तिच्याशी बोलत बसायचो आणि ती दोन शब्दांनंतर मान हलवून सोडून द्यायची.

डॉक्टरांना भेटून आम्ही निघालो, तर व्हरांड्यात मॅडम समोरून आल्या. मी मायला म्हणालो, "माय, या मॅडम बघ." मॅडम थांबल्या आणि मायचा उजवा हात हातात घेऊन बोटं वाकवून बघू लागल्या. मायने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तिच्या कपाळाला आठी पडली. ओठ दोनदा हलले. मी सवयीने तिचं वाक्य पुरं करायला तोंड उघडलं, तर मॅडमनी दुसऱ्या हाताने मला थांबवलं.

"तू," माय म्हणाली. मग बराच वेळ काहीच नाही. मग, "तू कोणाची गं?"

मामाच्या हातातली पिशवी खाली गेली. मॅडमचा चेहरा मात्र तसाच राहिला, जणू असं वाक्य त्या रोजच ऐकतात. त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं, तीर्थपुरीजवळचं गाव सांगितलं. मायने दोन्ही तोलून पाहिलं. तिच्या माहितीतलं त्या गावातलं घर बहुतेक जिभेपर्यंत येत नव्हतं.

"आपण भेटलोय मावशी," मॅडम म्हणाल्या. "त्या सोमवारी, दुपारी. तुम्ही झोपेत होत्या."

मायने माझ्याकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि आम्ही तिची चेष्टा करतोय असा तिचा जुना चेहरा झाला. शब्द एकेक करून आले, थांबत थांबत, पण सगळे आपापल्या जागेवर आले.

"मी. दिवसा. कवाच. न्हाई. झोपत."